ओळ कुठं मोडायची?

बालमित्रांनो, आज मी तुम्हाला माझीच एक चूक सांगणार आहे. बाईसुद्धा चुकतात बरं का!

चौथीच्या वर्गात मी 'घर' या विषयावर चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. एका मुलानं लिहिलं :

दारावरची बेल वाजली.
बाबा आले
नाहीत.
दूधवाला होता.

मी लाल पेन घेतलं, 'नाहीत' हा शब्द वरच्या ओळीला जोडला आणि समासात शेरा मारला, 'वाक्य मध्येच तोडू नये.' वही मिळाल्यावर तो टेबलापाशी आला. हळूच म्हणाला, "बाई, पण मला आधी आलेच वाटले होते."

त्याचे बाबा परगावी नोकरीला असतात. 'बाबा आले' एवढं वाचलं, की आपणही त्याच्याबरोबर दाराकडे धावतो. मग नजर खालच्या ओळीवर जाते आणि तिथं 'नाहीत' भेटतं. मी ओळी जोडल्या आणि त्याचा तो क्षणभराचा आनंदच पुसून टाकला!

गंमत पाहा. मराठीत नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो. म्हणून तर ओळ मोडून कवीला तो घटकाभर लपवून ठेवता येतो.

पूर्वी असं नव्हतं. जुन्या हस्तलिखित पोथ्यांत ओव्या सलग लिहीत. कुठं थांबायचं ते उभ्या दंडावरून आणि कानांना कळे. ज्ञानेश्वरीतल्या ओवीचे पहिले तीन चरण बहुधा यमकानं जुळतात, चौथा आखूड असतो. मोठ्या अभंगाच्या चरणांत अक्षरं असतात ६, ६, ६ आणि ४. आखूड चरण आला, की कान म्हणतात, थांबा! पुढं मुक्तछंद आला. तो मराठीत रुजवण्यात कवी अनिल (१९०१-१९८२) यांचा मोठा वाटा आहे. मुक्तछंदात अक्षरांचा ठरलेला हिशेब नसतो. मग ओळ कुठं संपवायची, हे कवीनंच ठरवायचं.

पण हं, कुठलंही वाक्य तोडलं की कविता होत नाही! तोडायला कारण हवं. ते कसं ओळखायचं? खालची ओळ बोटानं झाका आणि पुढं काय येईल ते सांगा. मग बोट काढा. मनात काही हललं, तर ओळ योग्य जागी मोडली आहे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर माझा शेरा खोडला आणि त्याला कविता वाचायला सांगितली. 'आले' म्हणून तो थांबला. सगळा वर्ग चिडीचूप!

आई-बाबांनो, मुलांच्या वहीतली मोडकी ओळ दुरुस्त करण्याआधी एकदा विचारा, "इथं का थांबलास रे?"

आणि मुलांनो, 'आजी आज गावाला जाणार नाही' हे वाक्य तीन तऱ्हांनी मोडून घरात मोठ्यानं वाचा. आजी कुठल्या ओळीला हसते, ते पाहाल ना?