विमान आले, आम्ही रद्द!

नोव्हेंबर 2021. एस.टी.चा संप, म्हणून मांजरसुंब्याहून ट्रॅव्हल्सने मुंबई गाठली. दुबईला भावाकडे जायचे होते. आदल्या दिवशीचा निगेटिव्ह दाखला खिशात होता; तरी विमानतळावर उड्डाणाआधीच्या सहा तासांतली जलद चाचणी झाली आणि आमचे नाक नापास! कंपनी म्हणते, "तुम्ही आला नाहीत, पैसे मिळणार नाहीत." अहो, आलो नाही तर तुमच्याशी भांडतोय कोण?

टाळेबंदीत विमाने रद्द झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2020 ला परताव्याचा हुकूम दिला. अडकलेल्या रकमेवर जुलैपासून दरमहा पाऊण टक्का वाढ. म्हणजे वर्षाला नऊ! एवढे व्याज आमची बँक मॅनेजरच्या सासऱ्यालाही देत नाही. पण विमानाऐवजी प्रवासीच रद्द झाला तर?

सही जुळली नाही तर आम्ही चेक परत करतो, साहेब. खाते गिळत नाही. निदान पुढची तारीख तरी टाका!