कानाची वर्गणी

स्टॉकहोमची स्टोरीटेल ही कंपनी नोव्हेंबर 2017 मध्ये भारतात उतरली, तेव्हा तिने हिंदी आणि इंग्रजीच्या जोडीला तिसरी भाषा घेतली ती मराठी. महिन्याला ठरावीक पैसे भरा आणि हवी तितकी पुस्तकं ऐका, असा सौदा. हजाराची आवृत्ती संपायला चार-चार वर्षं लागतात असं रडगाणं गाणाऱ्या आपल्या प्रकाशनव्यवसायाला हा पाहुणा देवासारखा वाटला, यात नवल नाही. माझी तक्रार पाहुण्याबद्दल नाहीच. त्याच्यासमोर आपण न वाचता ज्या कागदांवर सह्या केल्या, त्यांच्याबद्दल आहे.

आधी पाहुण्याची कुळकथा. जोनास टेलँडर हा केमिकल इंजिनिअर, औषधकंपनीतली बरी नोकरी सोडून 2005 मध्ये जॉन हाउक्सनबरोबर या धंद्यात पडला. तेव्हा कंपनीचं नाव होतं बोकिलूर. आयफोनसुद्धा जन्माला यायचा होता. बटणांच्या फोनवर, रडतखडत चालणाऱ्या नेटवरून दहा तासांची कादंबरी ऐकायला माणसं पैसे देतील, हे बँकेला काय, घरच्यांनाही पटणं कठीण. पहिली काही वर्षं कंपनी जेमतेम तग धरून होती. टेलँडरने टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात गुंतवणूकदारांपुढे उभं राहून पैसे मागितले, ते मिळाले. पुढे स्मार्टफोन हाती आले, आणि स्पॉटिफाय या दुसऱ्या स्वीडिश कंपनीने लोकांना महिन्याच्या वर्गणीवर गाणी ऐकण्याची सवय लावली. गाण्यांची पडलेली सवय पुस्तकांच्या कामी आली.

त्यानंतरची चाल मात्र पक्क्या व्यापाऱ्याची. 2016 मध्ये स्टोरीटेलने नॉरस्टेट्स हे 1823 साली स्थापन झालेलं प्रकाशनगृहच विकत घेतलं. स्टीग लार्सनच्या कादंबऱ्या छापणारं घर हे. अॅस्ट्रिड लिंडग्रेनची पुस्तकं काढणारी रॅबेन अँड शोग्रेन ही संस्थाही त्याच समूहातली. ॲप चालवणारा थेट प्रकाशकाच्या खुर्चीत बसला. तिथला सर्वांत मोठा प्रकाशनसमूह बोनियर, तोही गप्प बसला नाही. त्याने बुकबीट नावाचं स्वतःचं श्राव्य ॲप काढलं. म्हणजे स्वीडनमध्ये ॲप आणि छापखाना हे दोघेही बऱ्याच अंशी एकाच घरात नांदतात. तिथे प्रकाशक भांडतो तेव्हा हातात पत्ते असतात.

तरीही तिथले लेखक कुरकुरतात. कारण स्वीडनमध्ये पुस्तकांच्या एकूण खपात, संख्येने पाहिलं तर, निम्म्याहून अधिक वाटा आता वर्गणीवाल्या डिजिटल सेवांचा आहे. पैशात मोजलं की हाच वाटा बराच खाली येतो. ही तफावत कुणाच्या तरी खिशातून जाते.

कशी जाते ते आपल्या पैशांत बघू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा वर्गणी 300 रुपये आणि त्यातले निम्मे, 150, प्रकाशकांकडे जाणार. श्रोता महिन्याला सरासरी 30 तास ऐकतो. तासाला पाच रुपये पडले. दहा तासांच्या कादंबरीचे झाले 50, आणि त्यातून लेखकाच्या वाट्याला येईल ते लेखकाचं. याउलट 400 रुपयांच्या छापील प्रतीवर दहा टक्क्यांनी 40 रुपये रोख. वाईट नाही, म्हणाल. पण श्रोता दुप्पट ऐकू लागला की तासाचा भाव अडीचवर येतो. भरभरून ऐकणारा रसिक या धंद्यात सगळ्यांत महाग गिऱ्हाईक. आणि चाळीस मिनिटांच्या कवितासंग्रहाचं काय? त्याचे तीन रुपये. तासावर पैसे मिळू लागले की लांबण लावणाऱ्या मालिका वाढतात, कविता आणि लघुकथा मागे पडतात. यात कुणाचा कट नाही, हिशेबच तसा आहे.

आता आपल्याकडचं काम कसं होतं ते पाहा, म्हणजे या पाच रुपयांची किंमत कळेल. स्टुडिओत पंखा बंद, एसी बंद. अभिवाचिकेने बांगड्या बाहेर काढून ठेवलेल्या, कारण पान उलटताना किणकिण माइकमध्ये येते. कागदाचाही आवाज येतो, म्हणून बहुतेक जण टॅबवरून वाचतात. ‘फ’ आणि ‘भ’ माइकवर फुंकर मारतात, त्यासाठी समोर जाळी. भूक लागली की पोट बोलतं, तेही रेकॉर्ड होतं आणि वाक्य पुन्हा घ्यावं लागतं. एक तास ऐकण्याजोगा मजकूर तयार व्हायला दोन-तीन तास वाचन, वर संकलन, वर कुणीतरी पुस्तक समोर धरून शब्दन् शब्द तपासणं. त्यात मराठीची स्वतःची खोड आहे. ‘चार गुरं चारली’ या तीन शब्दांत ‘च’ दोन तऱ्हेने उच्चारायचा असतो आणि लिपीत त्याची काही खूण नाही. वाचणाऱ्याच्या तोंडात मराठी असावी लागते. स्टोरीटेलने 2023 मध्ये इलेव्हनलॅब्स या कंपनीशी हातमिळवणी करून काही भाषांत यंत्राचे आवाज आणले. मराठी कथाकथनाचा कान मिरासदार, शंकर पाटील, माडगूळकरांवर तयार झालाय. त्याला असा आवाज कितपत रुचेल याची मला शंकाच आहे. पण स्वस्ताई भल्याभल्यांची रुची बदलते.

आलेला पैसा आपल्याकडे वाया गेला असंही नाही. अनेक नटांना, आकाशवाणीवर घडलेल्या आवाजांना काम मिळालं. खास ऐकण्यासाठी लिहिलेल्या मालिका निघाल्या. स्टॉकहोममधल्या साथीची एक स्वीडिश मालिका तर ‘व्हायरस पुणे’ होऊन आली. परदेशातल्या मराठी घरांत, जिथे पोरांना देवनागरी वाचता येत नाही, तिथे आजोबांच्या आवडीची कादंबरी निदान कानावर पडू लागली. याचं श्रेय कंपनीला दिलंच पाहिजे.

मग 2022 उजाडलं. जगभर व्याजदर चढले, तोट्यात वाढणाऱ्या कंपन्यांवरचा गुंतवणूकदारांचा जीव उडाला. टेलँडर प्रमुखपदावरून पायउतार झाला, नोकरकपात झाली. पंचवीसएक देशांत पसरलेल्या कंपनीने नॉर्डिक देश आणि आणखी मोजक्या बाजारपेठांवरच जोर द्यायचं ठरवलं. त्या यादीत भारत नव्हता. याच सुमारास अमेरिकेतली ऑडिओबुक्स डॉट कॉम ही सेवा साडेतेरा कोटी डॉलरला तिने घेतली होती, हेही विसरू नका. कंपनीच्या बाजूने निर्णय चोख ठरला. वर्गणीदार वीस लाखांच्या पुढे गेले आणि 2024 मध्ये ती नफ्यातही आली. स्टॉकहोमच्या खातेवहीत मराठीची ओळ किती जाड असणार? धंद्याला आपण भावनेची गळ घालू शकत नाही.

प्रश्न उरतो तो आपल्या घरचा. कंपनीचा जोर दुसरीकडे गेला तर रेकॉर्ड झालेल्या मराठी पुस्तकांचा आवाज कुणाचा? बऱ्याच जुन्या लेखक-प्रकाशक करारांत श्राव्य हक्कांचा उल्लेखच नाही. नव्यांत एखादं मोघम वाक्य असतं, ‘सर्व माध्यमांतील हक्क’. काही वारसांना आपल्या वडिलांची कादंबरी ॲपवर आहे हे शेजाऱ्याकडून कळतं. ऑडिबल आहे, कुकू एफएम आहे, पॉकेट एफएम आहे, उद्या आणखी कुणी येईल. ज्याचा कागद पक्का, त्याचाच भाव ठरेल.

म्हणून मराठी प्रकाशक परिषदेला आणि साहित्य महामंडळाला माझी विनंती आहे. संमेलनाच्या ठरावांत भाषेच्या भवितव्यावर चार परिच्छेद घालण्यापेक्षा श्राव्य हक्कांच्या कराराचा एक छापील नमुना तयार करा. त्यात चार गोष्टी असू द्या: हक्काची मुदत पाच-सात वर्षांची, ऐकलेल्या तासांचा हिशेब दर सहा महिन्यांनी, यंत्राच्या आवाजासाठी वेगळी लेखी परवानगी, आणि सेवा थांबली तर ध्वनिमुद्रण रास्त किमतीत परत घेण्याचा हक्क. आणि लेखकांनो, तोवर सही करण्याआधी तो कागद एखाद्या वकिलाला दाखवा.