लेकरू सोबत न्या, त्याचं कार्डही सोबत न्या

सोयाबीन निघालं, कापसाचा पहिला वेचा झाला की आपल्या वस्त्यांमधली दारं एकेक करून बंद व्हायला लागतात. कोणी चाकणला बांधकामावर, कोणी सुरतेला, कोणी वीटभट्टीवर. बडनेरा किंवा अकोला स्टेशनवर रात्री थांबून पाहा. डोक्यावर गाठोडं, हातात पिशवी आणि कडेवर वर्षा-दीड वर्षाचं लेकरू. नोकरीसाठी अमेरिका-इंग्लंडला जाणाऱ्यांनी तिथे लहान मुलं कशी सांभाळावीत, यावर पेपरच्या पुरवण्यांत पानंच्या पानं छापून येतात. आपल्या माणसाला सुरत हाच परदेश आहे. भाषा वेगळी, दवाखाना अनोळखी, शेजार नाही, आजी नाही. त्याबद्दल कोणी लिहीत नाही.

जायच्या आधी बाया मला एकच प्रश्न विचारतात. "सिस्टर, लेकरू नेऊ का बुढीजवळ ठेवू?" या प्रश्नावर आपल्या कार्यकर्त्यांमध्येही दोन मतं आहेत. एक मत असं की मुलांना गावातच ठेवा, तिथे बाहेर त्यांचे हाल होतात. ते मत काळजीपोटी आहे, पण दोन वर्षांखालच्या लेकराबाबत मला ते मान्य नाही. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. त्यानंतर वरचं खाणं सुरू करायचं, पण अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायचं. आई सुरतेला आणि लेकरू अकोल्याला असेल तर हे होणार कसं? आजी कितीही जीव लावू दे, बाटली येते, बाटलीसोबत पातळ केलेलं दूध येतं, आणि त्यापाठोपाठ हगवण. म्हणून दोन वर्षांच्या आतलं लेकरू आईसोबतच गेलं पाहिजे. शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याला आजीजवळ ठेवता येत असेल तर ठेवा, नाहीतर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या आणि तिकडच्या शाळेत दाखवा.

इथे रमाईची आठवण आल्याशिवाय राहत नाही. बाबासाहेब 1913 ला अमेरिकेत गेले, पुढे लंडनला गेले. रमाई मुंबईत, परळच्या चाळीत, पैशाच्या ओढाताणीत मुलं वाढवत होत्या. पाच लेकरांपैकी चार गेली. शेवटचा राजरत्न 1926 मध्ये गेला. आपण हे त्यागाची कथा म्हणून सांगतो, जयंतीला गाणी म्हणतो. मी नर्स आहे, मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. लस नाही, पुरेसं अन्न नाही, आजारात वेळेवर औषध नाही, अशा घरांत तेव्हा लेकरं मरत होती आणि त्याला नशीब म्हटलं जात होतं. बाबासाहेबांनी ते नशीब मानलं नाही. जुलै 1928 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या सवलतीचं विधेयक आलं, तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. कामकरी बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा भार मोठ्या प्रमाणावर सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. 1929 मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. लेकराचा जीव ही एकट्या आईची जबाबदारी नाही, हा विचार आपल्या घरातलाच आहे.

आता कामाचं बोलू. गाठोड्यात पहिल्यांदा काय जावं? माता व बाल संरक्षण कार्ड. ते प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि त्याचा फोटो आई-बाप दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवा. जपानमध्ये गरोदर बाईला नगरपालिका आई-बाळाची वही देते, 1948 पासून. बाई दुसऱ्या देशाची असली तरी देते आणि ती वही कितीतरी भाषांत छापतात. शहर बदललं की वही सोबत जाते, नवी नर्स ती उघडून पुढचं पान लिहिते. आपलं कार्डही त्याच कामाचं आहे. पण आपल्या घरांत ते पत्र्याच्या पेटीत, ओल्या भिंतीजवळ नाहीतर माहेरी पडलेलं असतं.

कार्ड नसलं तरी लस नाकारता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. सरकारी लस देशात कुठेही फुकट आहे, रहिवासी दाखला लागत नाही. पण कार्ड नसेल तर समोरच्या सिस्टरला कळत नाही की काय झालं आणि काय राहिलं. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने हे तीन डोस बहुतेक बाया चुकवत नाहीत, कारण तोवर त्या माहेरी किंवा वस्तीतच असतात. सुटतो तो नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस आणि त्याहून जास्त सुटतो सोळा ते चोवीस महिन्यांमधला दुसरा. नेमकं तेव्हा लेकरू वीटभट्टीवर असतं. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांमध्ये गोवर पसरला आणि लेकरं दगावली, ते आठवा. गर्दीच्या खोल्या, अर्धवट लसीकरण आणि कमी वजनाची मुलं. आपली माणसं जिथे राहायला जातात तिथली खोली याहून वेगळी असते का? 2024 पासून यू-विन नावाची सरकारी नोंद देशभर सुरू झाली आहे. मोबाईल नंबरवर लेकराची नोंद करून घ्या, म्हणजे कार्ड भिजलं-हरवलं तरी तिकडच्या केंद्रावर माहिती निघते. फक्त जो नंबर द्याल तो रिचार्जअभावी बंद पडू देऊ नका. आमच्याकडे सहा महिन्यांत नंबर बदलायची फार सवय.

दुसरी गोष्ट अंगणवाडी. अन्न सुरक्षेच्या 2013 च्या कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून आहार मिळण्याचा हक्क दिला आहे. कायद्यात गावचं मूल आणि बाहेरचं मूल असा भेद नाही. पण बांधकामाच्या साईटवरची बाई अंगणवाडीत गेली की तिला ऐकावं लागतं, "तुमचं नाव इथे नाही." असं ऐकून गप्प परत येऊ नका. 2021 च्या शेवटी महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतर करणाऱ्या आई-मुलांची नोंद ठेवायला सुरुवात केली, त्या पहिल्या जिल्ह्यांत आपला अमरावती होता. म्हणजे हा प्रश्न सरकारला माहीत नाही असं नाही. जाण्याआधी आपल्या अंगणवाडी ताईला सांगा की आम्ही अमुक शहरात चाललो, आमची नोंद पुढे पाठवा. पोषण ट्रॅकरवर ते करता येतं. लेकराचं आधार नसलं तरी आईच्या आधारवर नोंद होते. आणि मूल आजीजवळ राहणार असेल तर आहार कोण घेणार हे जाण्याआधीच लिहून घ्या. 2025 च्या जुलैपासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा ओळखण्याची अट आली आहे. आईचा चेहरा सुरतेला आणि लेकरू इथे, असं झालं तर पाकीट अडकेल. ही अट माझ्या मते गरिबाच्या विरोधातच जाते, पण ती उठेपर्यंत लेकराने उपाशी का राहावं?

साईटजवळ अंगणवाडीच नसेल तर? सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2006 ला सांगितलं आहे की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान 40 मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, ती वस्ती अंगणवाडी मागू शकते आणि मागणीनंतर तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. मोठ्या साईटवर 40 मुलं सहज निघतात. एका कागदावर मुलांची नावं, वयं, आयांचे अंगठे, इतकं पुरतं. पाळणाघराचंही तसंच. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यातच 50 हून जास्त बाया असलेल्या कामावर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवायचं कलम आलं होतं. ठेकेदार काय करतो? बायांची नावं हजेरीवर लिहीतच नाही, नवऱ्याच्या नावावर जोडीची मजुरी टाकतो. म्हणून हजेरीत आपलं स्वतःचं नाव लिहून घेणं ही लेकराच्या तब्येतीचीच गोष्ट आहे. रेशनचं मात्र थोडं सोपं झालं आहे. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात 2019 पासून एकाचं कार्ड दुसरीकडे चालतं. घरातली निम्मी माणसं इथे असतील तर ती आपला वाटा इथे उचलू शकतात, निम्मी तिकडे.

आता प्रवास. पाच वर्षांखालच्या लेकराला रेल्वेत तिकीट लागत नाही, पण जागाही मिळत नाही. जनरलच्या डब्यात बडनेऱ्याहून सुरत म्हणजे अख्खी रात्र. अशा वेळी लेकरू रडतं, लोक खेकसतात, आणि मग आई पिशवीतून खोकल्याची बाटली काढते. "दोन चमचे पाजले का निवांत झोपते." हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की यावर मला रागावूनच लिहायचं आहे. ते निवांत झोपणं नाही, ती गुंगी आहे. त्यात लेकराचा श्वास मंदावू शकतो, उलटी होऊन ती छातीत जाऊ शकते, आणि अंधाऱ्या डब्यात ते कोणाला दिसणारही नाही. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या विषारी औषधाने लहान मुलं दगावली, त्यातली कित्येक नागपूरच्या दवाखान्यांत आणली होती. छिंदवाडा आपल्या वरूडपासून काही लांब नाही. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा देऊच नयेत. औषध शुद्ध असलं तरी हा नियम आहे. रडणाऱ्या लेकराला पदराखाली घ्या, पाजा. लोक पाहतात तर पाहू द्या. नवरा सोबत असेल तर त्याला आडोसा करून बसायला सांगा, त्याचंही ते लेकरू आहे.

धावत्या गाडीत लहानग्याच्या हातात फुटाणे, शेंगदाणे देऊ नका. धक्का बसला की दाणा श्वासनळीत जातो. मऊ पोळी कुस्करून, केळं, घरून नेलेली खिचडी पहिल्या जेवणापुरती. स्टेशनवरचं उघडं दूध बाटलीत भरू नका.

तिकडे पोचल्यावर चार-आठ दिवसांत हगवण लागते आणि सगळे म्हणतात, पाणी बदललं. पाणी बदलल्याने काही होत नाही, घाण पाण्याने होतं. टँकरचं पाणी ड्रमात साठतं, त्यात हात बुडतो. पाणी उकळा, लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा. हगवण लागलीच तर ओआरएसचं एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात, थोडं-थोडं पाजत राहा, अंगावरचं दूध बंद करू नका. झिंकच्या गोळ्या 14 दिवस, हगवण थांबली तरीही. दोन ते सहा महिन्यांच्या लेकराला रोज 10 मिलिग्रॅम, त्यापुढे 20. हे दोन्ही जाण्याआधी आशाताईकडून मागून घ्या. अकोला, दर्यापूर, मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या बायांना एक वेगळं सांगते. जयंतीला गावी परत आल्यावर ओआरएस खाऱ्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात कालवू नका. त्यात आधीच क्षार आहेत, वरून पाकिटातलं मीठ. लहान लेकराला ते झेपत नाही. नळाचं गोडं पाणी घ्या.

आणि दवाखान्याची वाट कधी धरायची? लेकरू दूध ओढत नसेल, सगळं उलटून टाकत असेल, झटका आला असेल, हाक मारूनही डोळे उघडत नसेल, तर मुकादमाच्या परवानगीची वाट पाहू नका. श्वास मोजायला शिका. शांत असताना पूर्ण एक मिनिट पोट वर-खाली होताना मोजायचं. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, वर्षाच्या आत 50 किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त म्हणजे न्यूमोनियाचा धोका. 108 नंबर महाराष्ट्रात चालतो तसा गुजरातमध्येही चालतो.

हे सगळं एकट्या बाईवर टाकून आपण मोकळे होऊ नये, म्हणून विहारांकडे एक मागणी. प्रत्येक विहारात वर्गणीची वही असते, जयंतीची वही असते. तिसरी वही ठेवा. त्यात कोण कुठे गेलं, सोबत किती वर्षांचं लेकरू, पुढची लस कोणत्या तारखेला, कोणाचा मोबाईल. दर पौर्णिमेला वंदना झाली की महिला मंडळातल्या दोघींनी ती उघडायची आणि ज्यांची तारीख जवळ आली त्यांना फोन लावायचा. सुरत, पुणे, कल्याण, सगळीकडे आपली माणसं आहेत, विहारं आहेत. तिथल्या उपासिकेचा नंबर जाणाऱ्या बाईच्या कार्डावर मागे लिहून द्या, म्हणजे पहिल्या आजारपणात तिला दवाखाना दाखवायला कोणीतरी असेल. वही दिवाळीच्या आधीच काढा, नंतर अर्धी घरं बंद झालेली असतात.