गंगाजळी मोडू नका, वाढवा!



आपली संघटना एका कारखान्यापुरती, लहान. पाठीशी कोणताही महासंघ नाही. अशा संघटनेची शिल्लक किती, याचा अंदाज घेऊनच व्यवस्थापन बोलणीला बसते. हीच शिल्लक मोडून कार्यालयासाठी गाळा घेण्याचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत येत आहे. त्याला आमचा ठाम विरोध आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हिंमत त्यांच्याकडे भरपूर होती. पण महिनोन्‌महिने पुरेल असा संपनिधी नव्हता. घरातली भांडी गेली, बायकांच्या अंगावरचे किडूकमिडूक गेले, माणसे गावी परतली. मालक थांबू शकत होते, सरकार थांबू शकत होते. चूल थांबू शकत नव्हती.

काही सहकारी म्हणतात, पैशावाचूनही चळवळ होते. होते, हे खरे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली, तेव्हा तिच्याकडे ना निधी होता, ना सभासदांची यादी. तरी सभा आणि अर्जांच्या बळावर १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. पण अर्ज करणे वेगळे आणि निलंबित सहकाऱ्याचे घर चालवत वर्षानुवर्षे कामगार न्यायालयात लढणे वेगळे.

मग निधी वाढणार कसा? २००१ च्या दुरुस्तीने ट्रेड युनियन कायद्यात किमान वर्गणी ठरली वर्षाला १२ रुपये. महिन्याला एक रुपया! तेवढ्यात सभेची नोटीसही निघत नाही. म्हणून आजवर करार झाला की फरकाच्या रकमेतून टक्केवारीने देणगी कापली गेली. हा पायंडा घातक आहे. संघटनेचा खर्च करारावर अवलंबून असला, की सहीची घाई होते आणि कमी वाढीवर समझोता होतो. पदाधिकारी प्रामाणिक असले तरी होतो.

आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक सभासदाने वर्षाला एक दिवसाचा पगार वर्गणी म्हणून द्यावा. संपनिधीचे खाते वेगळे ठेवावे. त्यातला पैसा संप, निलंबन आणि कोर्टकचेरी यांखेरीज कशालाही लागू नये आणि तोही गुप्त मतदानाशिवाय निघू नये. दर तिमाहीचा जमाखर्च सूचनाफलकावर लागावा. हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क सभासदाला १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यानेच दिला होता. तो बजावा, वह्या मागा, आणि सभेत गाळ्याच्या ठरावाविरुद्ध हात वर करा.

— संघटनेचे काही सभासद