शिबिर हा खर्च, आरोग्यसेविका हे भांडवल

आपल्या इंदूर-देवासकडची मराठी मंडळे अधूनमधून एखाद्या खेड्यात आरोग्य शिबिर घेतात. बॅनर लागतो, गोळ्या वाटल्या जातात, फोटो निघतात आणि संध्याकाळी मंडळी परततात. हेतूबद्दल शंका नाही. पण खतावणीच्या भाषेत बोलायचे तर हा महसुली खर्च झाला. वर्ष संपले की शिल्लक शून्य. भांडवली खर्च मात्र पुढची वीस वर्षे फळ देतो.

जामखेडचे उदाहरण घ्या. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. लोकांनी आधी औषध नव्हे, पाणी आणि अन्न मागितले. आरोळे दांपत्याने ते ऐकले. मग गावोगावी गावातल्याच एका बाईला तयार केले. बऱ्याच जणी निरक्षर, काही दलित. बाळंतपण कसे करावे, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कधी द्यावे, हे त्या शिकल्या. बालमृत्यूचे प्रमाण हजारी 176 होते, ते 1976 पर्यंत 52 वर आले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत हाच मार्ग नवजात बाळांसाठी वापरला. तिथे नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

पण नुसते आरोग्य पुरत नाही. हातात पैसा नसेल तर बाई दवाखान्याची पायरी चढत नाही. इथे बचत गट उपयोगी पडतो. 1992 मध्ये नाबार्डने 500 गटांपासून बँक जोडणी सुरू केली. बायका दरमहा थोडे थोडे साठवतात, आपसांत कर्ज देतात, वही चोख ठेवतात. मग बँक त्या बचतीच्या पटीत, तारण न मागता कर्ज देते. सावकाराच्या दारी जाणे टळते आणि शेळी, शिलाई मशीन, भाजीची गाडी घरात येते.

आपल्या माळव्याला हे नवे नाही. अहिल्यादेवींनी घाट-विहिरी बांधल्या, तसा महेश्वरात विणकामालाही आश्रय दिला. ती भांडवली गुंतवणूक आजही पोटाला देते.

सरकारचे काय? 2005 पासून 'आशा' गावोगावी राबते आहे. जामखेड-गडचिरोलीने जे सिद्ध केले, तेच काम तिच्यावर सोपवले आहे. पण कागदोपत्री ती स्वयंसेविका. नियमित पगार नाही, कामागणिक मोबदला. कायम कामाला तात्पुरता मोबदला देणे, हा हिशेब कुठल्या ऑडिटरने पास केला असता? निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांना आपण हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

काही सभासद म्हणतील, आपण शहरातले, संस्थेचा पैसा सभासदांसाठीच असावा. सभागृहाची डागडुजी आणि गणेशोत्सव व्हावाच. पण दोनशे वर्षे ज्या मातीचे अन्न खाल्ले, तिचे काही देणे लागतोच ना?

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेपुढे माझी सूचना अशी: शिबिराचा पैसा पाच वर्षे एकाच गावात लावावा. तिथल्या आशाताईला वजनकाटा, औषधपेटी आणि प्रशिक्षणाला जाण्या-येण्याचा खर्च द्यावा. एक-दोन बचत गटांच्या वह्या लिहायला शिकवाव्यात. आपल्यात निवृत्त बँकवाले काही कमी नाहीत. आणि दरवर्षी अहवालात फोटोऐवजी तीनच आकडे छापावेत: किती बाळंतपणे सुखरूप झाली, किती मुलांचे वजन वाढले, किती कर्जे फिटली. आकडे खोटे बोलत नाहीत, फक्त ते मांडण्याची तयारी हवी.