शालीची शिक्षा

एप्रिलात पारा चढत असताना घामाघूम माणसाला गरम शालीत गुंडाळणे, याला आपल्याकडे सत्कार म्हणतात. शाल तरी कसली? ॲक्रिलिकची! आमच्या ढाणकीच्या शिवारात, साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात, कापूस पिकतो आणि तो पिकवणाऱ्याच्या खांद्यावर मान म्हणून पडतो कारखान्यातला कृत्रिम धागा. माझा याला सक्त विरोध आहे.

'अहो, परंपरा आहे!' असे म्हणणारे भेटतात. ठीक आहे, परंपरेचं खातं उघडू या. बँकेत कारकुनी करून मागची पानं उलटायची खोड लागलीच आहे. पेशवाईची वस्त्रे छत्रपतींकडून मिळत. 1713 साली बाळाजी विश्वनाथांना मिळाली, 1720 साली विशीच्या उंबरठ्यावरच्या बाजीरावांना. पुढे कारभार पुण्याला गेला, साताऱ्याला नाव तेवढं उरलं, तरी वस्त्रे यायची तिथूनच. 1796 साली तर आधी चिमाजीअप्पा, मग दुसरे बाजीराव, एकाच वर्षात दोघांना! (आमच्याकडे एका वर्षात दोन मॅनेजर बदलले तर चहाचं खातंही जुळत नाही.) घरी पेशवे धोतर-उपरण्यात वावरोत, दरबारात जामा-पगडीच हवी. पण त्या वस्त्रांबरोबर शिक्केकट्यार यायची. म्हणजे फौज, वसुली आणि सावकारांचं देणं, सगळंच अंगावर यायचं.

आमच्या शालीबरोबर काय येतं? नारळ. तोही कधीकधी हलवून पाहिला तर वाजत नाही.

एका 'प्रगतिशील शेतकऱ्या'ने सत्काराच्या दुसऱ्या दिवशी आमच्या काउंटरवर शाल पसरली आणि विचारलं, "भाऊ, याच्यावर कर्ज किती भेटते?" सोनेतारणाचा दर मला तोंडपाठ आहे. शालतारणाचं परिपत्रक अजून आलेलं नाही.

1888 साली पुण्यात ड्यूक ऑफ कनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. जरीकाठी, हिरेमाणकांच्या त्या गर्दीत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि खरी रयत या झगमगाटात नाही, असं पाहुण्याला तोंडावर सांगून आले. आज तसाच कुणी आला, तर स्वयंसेवक आधी त्याला फेटा बांधतील आणि मग फोटोसाठी हसायला सांगतील.

द्यायचंच असेल तर चांगला सुती पंचा द्या. घाम पुसता येतो, भाकर बांधता येते, उन्हात डोक्याला गुंडाळता येतो. आणि भाषणं संपेस्तोवर तेवढा पंखा सत्कारमूर्तीकडे फिरवा. सध्या तो अध्यक्षांकडे असतो.