अस्मोडियनला कुणी मारलं?

ऑफिसात दुपारी डबा खाताना आमच्या टेबलावर एक खुनाचा खटला चालायचा. मयत इसम: अस्मोडियन. घटनास्थळ: राजवाड्यात कोठीच्या खोलीकडे जाणारं एक छोटं दार. साल: १९९३. आरोपी: डझनभर, त्यात चेष्टेने घेतलेली एक गरीब घोडीसुद्धा. फिर्यादी पक्षाचा वकील म्हणजे आमच्या टेस्टिंग ग्रुपमधला एक अमेरिकन सहकारी. एरवी मिटिंगमध्ये तोंड न उघडणारा हा गृहस्थ या विषयावर मात्र अर्धा तास सलग बोलू शकायचा, आणि दर वाक्याला पानासकट पुरावा द्यायचा.

सुरुवातीला मला वाटलं, काय ही रिकामटेकडी मंडळी! मग मी ती पुस्तकं वाचायला घेतली, आणि दोन महिन्यांनी मीही त्याच टेबलावर घसा ताणून भांडायला लागलो. आज त्या भांडणाबद्दलच लिहायचंय. माझं मत आधीच सांगून टाकतो: कादंबरीतल्या जादूचे नियम आणि दंतकथा यांवर तासन्‌तास वाद घालणं हा वेळेचा अपव्यय नाही. पण त्यात एक खड्डा आहे, आणि मी त्यात चांगला आपटलो आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. रॉबर्ट जॉर्डन हे टोपणनाव. खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनचा माणूस. व्हिएतनाम युद्धात लढलेला, मग भौतिकशास्त्राची पदवी घेऊन अमेरिकन नौदलासाठी अणु-अभियंता म्हणून काम केलेला. म्हणजे आपल्यातलाच! त्याच्या 'द व्हील ऑफ टाइम' या मालिकेचा पहिला खंड १९९० साली आला आणि चौदावा, शेवटचा, २०१३ साली. एकेक खंड असा जाडजूड की उशाला घेऊन झोपावं.

इंजिनियर माणसाने जादू लिहिली की ती कशी होते, त्याचा हा नमुना आहे. या जगातल्या शक्तीचे दोन भाग आहेत, एक पुरुषांचा, एक बायकांचा. पुरुषांचा भाग विटाळलेला, त्यामुळे तो वापरणारा पुरुष हळूहळू वेडा होतो. पृथ्वी, वायू, अग्नी, जल आणि आत्मा असे पाच धागे, आणि ते विणून जादू करायची. कुणाला किती पेलतं, कुणी कुणाशी जोडून घेऊ शकतं, सगळ्याला नियम. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीतला राक्षस 'छू' म्हणाला की काम भागायचं. इथे तसं चालत नाही.

यातलं एक अस्त्र आहे बेलफायर. ते ज्याला लागतं तो नुसता मरत नाही. काळाच्या विणीतून त्याचा धागा मागच्या बाजूनेही जळतो, म्हणजे मरणाच्या थोडं आधी त्याने जे केलं तेही पुसलं जातं. झोत जितका जबर, तितकं मागे. पाचव्या खंडात नायक रँड हे अस्त्र एका शत्रूवर चालवतो, आणि त्या शत्रूने थोड्या वेळापूर्वी मारलेली माणसं पुन्हा उभी राहतात. त्या माणसांत अस्मोडियनही असतो. म्हणजे एकाच पुस्तकात हा बिचारा दोनदा मेला! पण गंमत पुढेच आहे. ती माणसं मेलेली रँडला आठवत असतात. घडलेलं पुसलं गेलं, आठवण राहिली. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेस रोलबॅक झाला, पण लॉग तसाच राहिला. हे कसं शक्य आहे? यावर आम्ही आख्खा एक शुक्रवार घालवला आहे.

तर दुसऱ्या खेपेला अस्मोडियन कसा मेला? लढाई संपलेली आहे. तो वाइन शोधत एक दार उघडतो, समोर कुणीतरी दिसतं, तो ओळखतो, हादरतो आणि मरतो. समोर कोण होतं ते लेखक सांगत नाही. वाचकांनी विचारलं तर जॉर्डन म्हणायचा की हे तर उघड आहे, नीट वाचा म्हणजे कळेल. आता उघड म्हटल्यावर लोक गप्प बसतील का? मयताला ओळखणारे कोण, तेव्हा कोण कुठे होतं, त्याला मारण्यात कुणाचा फायदा, प्रेताचं काय झालं, असे तक्ते मांडले गेले. आमच्या टेस्टरचं मत ग्रेन्डाल नावाच्या खलनायिकेवर ठाम होतं. ज्या शत्रूला रँडने जाळलं, त्याच्याशी तिचं संगनमत होतं, तेव्हा त्याचं काय झालं हे बघायला ती तिथे येणं अगदी शक्य होतं. मी दुसऱ्याच एकाच्या बाजूने लढायचो, मुख्यत्वे त्याच्या विरुद्ध बोलायला कुणीतरी हवं म्हणून.

अशा वादांकडे बघताना मला तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार: लेखकाकडे उत्तर आहे, त्याने पुरावे पेरलेत, वाचकाने शोधायचं. अस्मोडियनचा खून यातला. दुसरा प्रकार: लेखकाने मुद्दाम उत्तर ठेवलेलंच नाही. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला टॉम बॉम्बाडिल घ्या. ज्या अंगठीने भल्याभल्यांची मती फिरते, ती हा बाबा बोटात घालतो आणि अदृश्यसुद्धा होत नाही. हा आहे कोण? टॉल्किनने १९५४ सालच्या एका पत्रात स्पष्टच लिहिलं की काही कोडी तशीच राहायला हवीत आणि हे त्यातलं एक, मुद्दाम ठेवलेलं. तिसरा प्रकार: मजकूरच दोन्हीकडे झुकतो. त्याच पुस्तकातल्या बॅलरॉग नावाच्या अग्निराक्षसाभोवतीची सावली आधी पंखांसारखी पसरते, आणि थोडं पुढे गेल्यावर 'सारखी' गळून नुसते पंखच उरतात. मग त्याला पंख होते की नव्हते? दोन वाक्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या दोन तट पडले आहेत. ज्याने कधी संदिग्ध स्पेसिफिकेशनवरून ग्राहकाशी भांडण केलंय, त्याला हे दुःख लगेच कळेल.

आपण कुठल्या प्रकारचा प्रश्न सोडवतोय हे ओळखणं ही अर्धी अक्कल. बॉम्बाडिलचा पुरावा गोळा करणारा माणूस भिंतीला दार शोधत असतो.

पहिल्या प्रकारात मात्र लेखकावरही एक जबाबदारी येते. पुरावे पेरलेत ना, मग वाचकाने ओळखलं तरी उत्तर बदलायचं नाही. जॉर्ज मार्टिनच्या मालिकेतल्या जॉन स्नोचे खरे आईबाप कोण, हे पहिला खंड १९९६ साली आल्यावर थोड्याच काळात काही वाचकांनी ताडलं होतं. दूरदर्शन मालिकेने ते २०१६ साली दाखवलं. कुणी ओळखलं म्हणून आपण गोष्ट बदलणार नाही, कारण मग पेरलेले सगळे धागे खोटे ठरतात, असं मार्टिनने मुलाखतीत सांगितलंय. मला हे फार पटतं.

जॉर्डनच्या बाबतीत या विश्वासाचा एकदा कस लागला. १९९४ सालच्या सहाव्या खंडात ताईम नावाचं एक पात्र आईल लोकांचा उल्लेख 'तथाकथित' असा करतं. आईल म्हणजे या कथेतले वाळवंटी लढवय्ये. पण हजारो वर्षांपूर्वी हेच लोक शस्त्राला न शिवणारे सेवक होते. मग आजच्या आईलांना 'तथाकथित' कोण म्हणेल? ज्याने ते जुने आईल डोळ्यांनी पाहिलेत तोच! म्हणजे हा ताईम नसून त्या काळातला डिमँड्रेड आहे, असा वाचकांनी निकाल लावला. एका विशेषणावरून! पुढे जॉर्डनने ते साफ नाकारलं, आणि शेवटच्या खंडात डिमँड्रेड भलत्याच देशातून फौज घेऊन उगवला. वाचकांनी ओळखलं म्हणून लेखकाने बेत बदलला, अशी शंका पुष्कळांना आली. खरं काय ते असो. पण तो तर्क चुकीचा ठरला तरी तो करणारे लोक चांगले वाचक होते, असंच मी म्हणेन. उपलब्ध पुराव्यावर योग्य विचार करून चुकीच्या उत्तराला पोचता येतं. आमच्या धंद्यात हे रोज होतं.

२००६ साली जॉर्डनने आपल्याला हृदयाचा गंभीर आजार झाल्याचं जाहीर केलं. १६ सप्टेंबर २००७ रोजी तो गेला. शेवट अजून लिहायचा होता. आमचा टेबल त्या आठवड्यात गप्प होता. कुणीतरी म्हणालं, आता अस्मोडियनचं कधीच कळणार नाही. आणि मला लाज वाटते सांगायला, माझ्याही मनात पहिला विचार तोच आला होता. एक माणूस मेला होता, आणि मला खुन्याचं नाव हवं होतं!

पण त्याने जाण्याआधी शेवट सांगून ठेवला होता, टिपणं ठेवली होती. त्याची पत्नी आणि संपादिका हॅरिएट मॅकडूगल हिने ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाकडे काम सोपवलं. एकाचे तीन खंड झाले. त्यातल्या मधल्या खंडात, २०१० साली, उत्तर आलं. कुठे? मागच्या शब्दसूचीत! ग्रेन्डालच्या नोंदीत. सतरा वर्षं चाललेला खटला, आणि निकाल परिशिष्टात.

आमच्या टेस्टरचं बरोबर निघालं. मी त्याचं अभिनंदन केलं. तो हसला आणि डबा उघडून मुकाट्याने जेवायला लागला. त्या दिवशी मला कळलं की त्याला उत्तर नको होतं. त्याला माझ्याशी भांडायचं होतं.

आता तो खड्डा. रँड हा नायक आपल्यापायी मेलेल्या बायकांची नावं मनात जपतो, यादी करतो, ती स्वतःशी म्हणत राहतो. आम्ही त्या यादीचं काय केलं असेल? कुठलं नाव कधी आलं, कुठलं राहिलं, त्यावरून त्याच्या वेडाचा आलेख कसा चढतो, हे तपासलं. पुढे पुन्हा वाचताना ध्यानात आलं की हे एका अशा माणसाने लिहिलंय, ज्याने तरुणपणी प्रत्यक्ष युद्धात माणसं मरताना पाहिली होती. नावं जपणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. आम्ही यंत्र उघडलं, चाकं मोजली, आणि ते कशासाठी चालतंय हे विचारायचं विसरलो. कोडं सुटलं तरी पुस्तक वाचून झालं असं होत नाही.

मग दोन्ही कसं साधायचं? याचं उत्तर मला अमेरिकेत नाही, आपल्याच कपाटात सापडलं. इरावती कर्व्यांचं 'युगान्त'. बाईंनी त्यात शंका उपस्थित केली आहे की युधिष्ठिर हा विदुराचा मुलगा असेल का? पुरावा बघा. कुंतीने धर्माला बोलावलं, आणि विदुर हा धर्माचाच अवतार. विदुर पंडूचा धाकटा भाऊ, म्हणजे नियोगाच्या रीतीत बसणारा दीर. आणि शेवटी अरण्यात विदुर प्राण सोडताना योगबळाने युधिष्ठिराच्या देहात शिरतो, मरणाऱ्या बापाने मुलाला आपलं सगळं द्यावं तसा. जॉन स्नोच्या जन्माचं कोडं सोडवणाऱ्यांनी याहून वेगळं काय केलं? फरक इतकाच की बाईंना कोडं सोडवून थांबायचं नव्हतं. त्यांना विदुराचं एकटेपण दिसलं, त्या दोन माणसांमधलं न बोललेलं काहीतरी दिसलं. पुराव्याची शिस्त पक्की, पण शोध माणसाचा.

आणि पुण्यातच भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं विद्वान मंडळी हजारावर हस्तलिखितं समोर ठेवून महाभारताचा कुठला श्लोक जुना, कुठला मागाहून घातलेला, हे ठरवत बसली होती. व्यासांनी सांगायचं आणि गणपतीने लिहून घ्यायचं, ही आपली लाडकी गोष्ट त्यांनी मूळ संहितेतून काढून परिशिष्टात टाकली. गणपतीला! पुण्यात बसून! आणि तरी त्या माणसांचं महाभारतावरचं प्रेम तसूभर कमी झालं नाही. झालं असतं तर सत्तेचाळीस वर्षं कोण बसेल?

म्हणून तिकडे कुणी असा प्रश्न विचारला की 'तुम्हाला काय अधिकार' असं लगेच ऐकू येतं, तेव्हा मला वाईट वाटतं. अधिकार एकच, आपण ते लक्ष देऊन वाचलंय. ग्रंथावर शंका घेणारा ग्रंथाचा शत्रू असतोच असं नाही. बऱ्याचदा तोच शेवटचा वाचक असतो जो अजून पानं उलटतोय. तुमच्या घरात एखादा पोरगा जेवताना विचारत असेल की कर्णाची कवचकुंडलं असताना बाण लागला असता तर काय झालं असतं, तर त्याला 'गप जेव' म्हणू नका. त्याला उलट विचारा, कशावरून? आणि पुस्तक काढून द्या.

आमचा टेस्टर अजून भेटतो अधूनमधून. ग्रेन्डालचा विषय आम्ही काढत नाही, तो निकाली निघाला. हल्ली बॅलरॉगच्या पंखांवर भांडतो. त्याचा निकाल लागण्याची काही शक्यता नाही, हे दोघांनाही माहीत आहे. पंख नव्हतेच, हेही मला माहीत आहे.